पोटात राहिलेला टॉवेल

मागच्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीची अम्मी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन माझ्याकडे आली. एका खाजगी दवाखान्यात तिच्या पोटाचे ऑपरेशन झाले होते. टाके पिकले, ताप हटेना, शेवटी दुसरीकडे नेऊन पोट पुन्हा उघडावे लागले. कागद इंग्रजीत, घरात वाचणारे कोणी नाही. नुकसानभरपाईचा विषय मी काढला तर म्हणाली, "सर, नसीब में था. अब डॉक्टर से क्या झगड़ना?"

जळगाव-धुळ्याकडच्या आपल्या मोहल्ल्यांत हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. त्यावर मी तिला एक जुना खटला सांगितला. तो घडला अजिंठ्याचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात.

१० जुलै १९६३ रोजी चंद्रिकाबाई ही स्त्री तिथल्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणासाठी दाखल झाली. १३ तारखेला तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया साधी, पण लगेच जोराचा ताप चढला आणि पोटात असह्य कळा सुरू झाल्या. १९ तारखेला पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत 'मॉप' सापडला. मॉप म्हणजे रक्त टिपायचा टॉवेल. त्याच्याभोवती पू झाला होता. २४ जुलैला ती वारली. टाके घालण्याआधी असे कपडे मोजून घ्यायचे असतात. एवढेच काम राहून गेले होते.

पती अच्युतराव खोडवा आणि इतर वारसांनी डॉक्टरांवर आणि सरकारवर दिवाणी दावा लावला. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा मान्य करून ३६,००० रुपये देववले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही, आणि झाला असता तरी नोकरांच्या चुकीबद्दल सरकार जबाबदार नाही, असे ठरले.

सरकार जबाबदार नाही, हे कुठून आले? त्याचे मूळ कंपनी सरकारच्या काळात आहे. कलकत्त्याच्या गोदीत सरकारी मजुरांच्या हातून एका जहाज कंपनीच्या बग्गीचा घोडा जखमी झाला. १८६१ च्या त्या निकालात भरपाई मिळाली, पण त्यातूनच एक भेद रूढ झाला: व्यापारी करील तसे काम सरकारने केले तर जबाबदारी आहे, राज्यसत्तेचे काम केले तर नाही. स्वातंत्र्यानंतरही हा भेद टिकला. मेरठच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याचे सोने जप्त केले आणि ठाण्यातला हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पसार झाला. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अटक आणि जप्ती हे राज्यसत्तेचे काम, म्हणून सरकारकडून भरपाई नाही. घोड्याला मिळाले, सोन्याला नाही! आता बाळंतपणाचा वॉर्ड चालवणे यातल्या कुठल्या खान्यात टाकायचे?

त्याचे उत्तर २० फेब्रुवारी १९९६ रोजी मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दवाखाना चालवणे हे राज्यसत्तेचे काम नव्हे. पोटात टॉवेल राहतो हीच गोष्ट निष्काळजीपणा बोलून दाखवते. नेमक्या कोणत्या डॉक्टरच्या हातून चूक झाली हे ठरले नाही तरी सरकारला नोकरांच्या चुकीची भरपाई द्यावी लागेल. खालच्या कोर्टाचा हुकूम पुन्हा कायम झाला. मधे जवळजवळ तेहतीस वर्षे गेली होती. १९६३ च्या ३६,००० ची किंमत १९९६ ला काय उरली असेल, हा हिशेब मी मुलांना गणिताच्या तासालाही घालणार नाही.

तरीही सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत उभे राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हा निकाल मोठा आहे. १९९५ साली डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात आली, पण जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालये तिच्या बाहेर राहिली. त्यांच्यासाठी दिवाणी कोर्टाचीच वाट आहे आणि ती या खटल्याने मोकळी केली.

राहिली नशिबाची गोष्ट. वैद्यकी येत असल्याचे ठाऊक नसताना जो उपचार करतो तो नुकसानीचा जामीन, असे हदीसच्या संग्रहांत आले आहे. अरबी शब्द 'ज़ामिन', आणि कोर्टात आपण रोज ऐकतो तो 'जामीन' त्याच घरातला. फुकाहांनी त्यावरून कुशल हकीमाच्या चुकीचीही चर्चा केली. नशीब मानणाऱ्या त्या लोकांना भरपाई मागणे म्हणजे तकदीरशी भांडणे वाटले नाही.

हे मी बाईंना सांगितले. त्यांचा दवाखाना पैसे घेणारा, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मात्र तक्रार दोन वर्षांत करावी लागते. पिशवी उपडी करून पाहिली. डिस्चार्ज कार्ड होते, औषधांच्या पावत्या होत्या, पण ऑपरेशनची नोंद नव्हती. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत असा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियम आहे. तेव्हा आधी तेवढाच अर्ज लिहिला, दोन प्रतींत, आणि पोच घ्यायला विसरू नका म्हणून बजावले.