गावच्या पाण्याचा जमाखर्च : कुंभकोणम परिसरातील वित्तविषयक नोकरी

तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधे वसलेले नगर महामहम् उत्सवासाठी देशभर ओळखले जाते. हिशेबाशीही या नगराचे जुने नाते आहे. १९०४ मध्ये येथे स्थापन झालेली कुंभकोणम बँक आज सिटी युनियन बँक या नावाने चालते आणि तिचे मुख्यालय अजूनही येथेच आहे. येथेच लहानाचे मोठे झालेले गणिती श्रीनिवास रामानुजन यांनी १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टच्या लेखा विभागात कारकुनासाठी अर्ज केला होता आणि दरमहा ३० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. वाणिज्य शाखेचे पदवीधर येथे बँकेकडे वळतात, हे त्यामुळे स्वाभाविकच. मात्र गेल्या काही वर्षांत त्यांच्यासाठी आणखी एक क्षेत्र खुले झाले आहे, ते म्हणजे खेड्यांतील लहान नळपाणी योजनांच्या आर्थिक व्यवस्थापनाचे.

या गरजेचे मूळ धोरणात आहे. १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पेयजल हा विषय पंचायतींकडे सोपविता येण्याजोग्या विषयांत समाविष्ट झाला. २००२ मध्ये सुरू झालेल्या स्वजलधारा योजनेत बांधकामाच्या खर्चाचा १० टक्के वाटा आणि देखभालीचा संपूर्ण खर्च गावाने उचलावा, हे तत्त्व स्वीकारण्यात आले. महाराष्ट्रातील वाचकांना याच काळातील जलस्वराज्य प्रकल्प आठवत असेल. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा देशातील सुमारे ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता. २०२५ पर्यंत हा आकडा १५ कोटींच्या पुढे गेला. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढविण्याची घोषणा करताना योजनांच्या देखभालीवर भर देण्यात आला. नळ बसविण्यासाठी अभियंता लागतो. तो नळ दहा वर्षे चालू ठेवण्यासाठी मात्र हिशेब जाणणारा माणूस लागतो, आणि अशा माणसांची वाण आहे.

अडचण नेमकी कोठे येते, हे एका कल्पित गावाच्या उदाहरणावरून पाहता येईल. दोन हजार वस्तीच्या गावात ४०० नळजोडण्या आहेत आणि पाणीपट्टी दरमहा ५० रुपये आहे, असे धरू. मागणी झाली २०,००० रुपये. माणशी दररोज ५५ लिटर या मिशनच्या निकषाने पाणी उपसून उंच टाकीत चढविण्याचे वीजदेयक सुमारे ८,६०० रुपये, पंपचालकाचे मानधन ६,००० रुपये, क्लोरीन व पाणीतपासणी १,००० रुपये आणि किरकोळ दुरुस्ती ३,००० रुपये धरल्यास खर्च १८,६०० रुपये होतो. कागदावर १,४०० रुपये उरतात. प्रत्यक्षात वसुली ७० टक्के झाली, तर हाती येतात १४,००० रुपये, म्हणजे दरमहा ४,६०० रुपयांची तूट. ही योजना तोट्याविना चालण्यासाठी ९३ टक्के वसुली हवी. शिवाय मोटार जळाल्यास नवी घेण्याची तरतूद यात नाहीच. अशा गावात पाणी बंद पडते ते बहुधा वीजदेयक थकल्यामुळे किंवा मोटारीसाठी पैसे नसल्यामुळे. विहीर आटल्यामुळे क्वचितच. तोपर्यंत पाण्यासाठी हंडा घेऊन जाणाऱ्या बायकांच्या रांगा पुन्हा लागलेल्या असतात.

तामिळनाडूत या तुटीचा भार मोठ्या प्रमाणात राज्याच्या अनुदानावर पडतो. तेथील ग्रामपंचायतींच्या लेखापद्धतीत सर्वसाधारण निधीचे पहिले खाते, वीज व पाणी आकारासाठी राखून ठेवलेल्या अनुदानाचे दुसरे आणि योजनांच्या निधीचे तिसरे, अशी विभागणी रूढ झाली. अर्ज करणाऱ्याने हे दुसरे खाते नीट समजून घ्यावे. वीजदेयकाचा पैसा वेगळा राखल्याने दिवे आणि पंप चालू राहतात, ही त्याची जमेची बाजू. पण त्यामुळेच स्वतःच्या पाण्याला खरोखर किती खर्च येतो, हे गावाच्या लक्षात येत नाही आणि पाणीपट्टी वाढविण्याचा विषय ग्रामसभेत मागे पडत जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते या पदावरील व्यक्तीचे सर्वांत उपयुक्त काम म्हणजे हा खर्च एका पानावर मांडून तो ग्रामसभेपुढे ठेवणे होय.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाची आणखी दोन वैशिष्ट्ये आहेत. १९७१ मध्ये स्थापन झालेले तामिळनाडू पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ कोल्लिडमसारख्या नद्यांच्या वाळूतून पाणी उचलून अनेक गावांच्या एकत्रित योजना चालविते. अशा योजनेतील गाव पाणी घाऊक विकत घेते आणि मंडळ त्याचे देयक पंचायतीला पाठविते. मोजलेले पाणी आणि घरांपर्यंत पोहोचलेले पाणी यांतील फरक म्हणजे गळती. तिचा भुर्दंड गावाच्या माथी बसतो. दुसरे वैशिष्ट्य शेतीचे. मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची प्रथागत तारीख १२ जून आहे. कुरुवै भाताचे पैसे घरात येतात ते साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि सांबा भाताचे जानेवारी-फेब्रुवारीत. दरमहा वसुलीचा आग्रह धरण्यापेक्षा सुगीनंतर सहामाही वसुली करणे अशा गावांत अधिक सोयीचे ठरते. अर्जासोबतच्या पत्रात उमेदवाराने असे स्थानिक निरीक्षण दोन ओळींत मांडले, तर संगणक प्रशिक्षणाच्या चार प्रमाणपत्रांपेक्षा त्याचे वजन अधिक पडेल.

पदे कोठे निघतात? पाणीपुरवठा मंडळातील व ग्रामविकास विभागातील नियमित पदे स्पर्धा परीक्षेतून भरली जातात, आणि २०२१ च्या शासन निर्णयानुसार तामिळनाडूच्या शासकीय भरती परीक्षांत तमिळ भाषेच्या प्रश्नपत्रिकेत किमान ४० टक्के गुण अनिवार्य आहेत. मिशनच्या राज्य व जिल्हा कक्षांतील पदे आणि गावपातळीवर साहाय्य करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांमधील पदे बहुतेक कंत्राटी असतात. तिसरा मार्ग सूक्ष्म वित्तसंस्थांचा. कुंभकोणमहून सुमारे ९० किलोमीटरवरील तिरुचिरापल्ली येथे ‘ग्रामालय’ या संस्थेच्या पुढाकाराने २००७ मध्ये सुरू झालेली ‘गार्डियन’ ही संस्था केवळ नळजोडणी, शौचालय अशा कामांसाठी महिला गटांना कर्ज देणारी म्हणून ओळखली जाते. येथील काम कर्जवितरणाचे व वसुलीचे आहे. पंचायतीच्या हिशेबाशी त्याची गल्लत करू नये.

पात्रतेविषयी फार सांगण्यासारखे नाही. वाणिज्य पदवी, टॅलीचे ज्ञान, उगमस्थानी करकपातीची माहिती आणि ई-ग्रामस्वराज व पीएफएमएस या शासकीय संगणक प्रणालींचा सराव बहुतेक ठिकाणी अपेक्षित असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित ठेवली होती. बंधित आणि अबंधित निधी यांतील भेद मुलाखतीत हमखास विचारला जावा, इतका तो मूलभूत आहे.

भाषेचा मुद्दा मात्र कळीचा. तंजावरवर १६७६ ते १८५५ पर्यंत भोसले घराण्याची सत्ता होती आणि कुंभकोणम परिसरात आजही घरी मराठी व बाहेर तमिळ बोलणारी कुटुंबे आहेत. याच गावातल्या मराठी कुटुंबात १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव मद्रासच्या महालेखापालांच्या कार्यालयात उमेदवारी करून पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे संस्थानांचे दिवाण झाले. त्यांनी त्रावणकोरचे कर्ज फेडले, ही गोष्ट आजच्या उमेदवारालाही हुरूप देणारी आहे. परंतु पंचायतीच्या नोंदवह्या तमिळमध्ये असतात. महाराष्ट्रातून येणाऱ्यास बोलीभाषा येऊन भागत नाही, हस्ताक्षरातील नोंद वाचता आली पाहिजे. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी आपापल्या जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता कक्षातील जाहिरातींकडे लक्ष द्यावे; कामाचे स्वरूप तेथेही बरेचसे सारखेच आहे.

नेमणूक स्वीकारण्यापूर्वी काही प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. करार किती महिन्यांचा आहे, मानधन प्रकल्पनिधीतून येते की संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नातून, प्रवासखर्च वेगळा मिळतो का आणि किती गावे सांभाळावी लागतील? धनादेशावर सही कोणाची, हेही विचारावे. तामिळनाडूत ती अध्यक्ष व उपाध्यक्ष यांची संयुक्त असते. जानेवारी २०२५ मध्ये अनेक जिल्ह्यांतील पंचायतींची मुदत संपल्यावर तेथे विशेष अधिकारी नेमण्यात आले होते. लेखापालाने स्वतः रोख वसुली स्वीकारावी असे कोणी सुचविल्यास ते लेखी मागावे आणि शक्यतो नाकारावे. जल जीवन मिशनच्या नावाने बनावट भरतीची संकेतस्थळे काढून शुल्क उकळण्याचे प्रकार घडले आहेत. त्यामुळे जाहिरात राज्य शासनाच्या किंवा जिल्हा प्रशासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर पडताळून पाहिल्याखेरीज पैसे भरू नयेत.