कोरड्या त्वचेला तेल हवं की पाणी?

थंडी पडली की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. नडग्यांवर कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात, नखाने ओढलं की पांढरी रेघ उमटते आणि रात्री पांघरूण घेतलं की खाज सुरू होते. "डॉक्टर, रोज तेल लावतो हो, तरी अंग कोरडंच." साठी ओलांडलेल्यांकडून तर हे फारच ऐकू येतं. तेल लावूनही त्वचा कोरडी कशी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं नेमकं उत्तर मिळायला १९५२ साल उजाडावं लागलं. त्याआधी जवळजवळ दोन हजार वर्षं सगळं जग तुमच्यासारखाच विचार करत होतं.

पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीज या ग्रीक वैद्याने मेंढीच्या लोकरीतली चरबी कशी काढावी हे लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गेलनच्या नावावर मधमाशांचं मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेलं मलम आहे. त्यातलं पाणी उडताना अंगाला गार वाटतं, म्हणून पुढे त्याला कोल्ड क्रीम हे नाव पडलं. आपल्याकडे वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोजच्या दिनचर्येत अभ्यंग सांगितला आहे आणि डोकं, कान, पाय यांची विशेष काळजी घ्यायला सांगितलं आहे. कोकणात टाचांच्या भेगांत कोकमाच्या बियांचं घट्ट तेल वितळवून भरतात. देश वेगळे, स्निग्ध पदार्थ वेगळे, पण समजूत एकच: कोरडी त्वचा म्हणजे तेल कमी पडलेली त्वचा.

आता अमेरिकेत चला. १८५९ साली पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला खनिज तेल लागलं. तिथे रॉबर्ट चेसब्रो नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ गेला. तेल उपसणाऱ्या यंत्रांच्या दांड्यांवर एक काळपट, मेणचट थर साचायचा. कामगार त्याला वैतागलेले होते, पण हात कापला किंवा भाजला की हमखास तोच थर चोपडायचे. चेसब्रोने तो गाळून स्वच्छ केला आणि १८७२ साली व्हॅसलीन या नावाने त्याचं पेटंट घेतलं. हा गृहस्थ रोज चमचाभर व्हॅसलीन खायचा असं म्हणतात आणि तो ९६ वर्षं जगला. (कृपया खाऊ नका.) १८८२ च्या सुमारास जर्मनीत लोकरीची तीच जुनी चरबी शुद्ध करून लॅनोलिन तयार झालं. पुढे आयझॅक लिफशुट्झने त्याच चरबीतून तेल आणि पाणी एकजीव धरून ठेवणारा पदार्थ काढला. त्यावरून १९११ साली हॅम्बुर्गमध्ये निव्हिया क्रीम आलं. मलमं सुधारत गेली, पण समजूत तीच राहिली.

मग बॉस्टनच्या अर्विन ब्लँक यांनी एक प्रयोग केला. इतका साधा, की शाळेतल्या मुलालाही करता यावा. त्यांनी तळपायाच्या घट्ट्याचे, म्हणजे त्वचेच्या सर्वांत वरच्या निर्जीव थराचे, तुकडे घेतले. ते वाळवले की कडक होत आणि वाकवले तर मोडत. असे वाळलेले तुकडे तेलात, लॅनोलिनमध्ये, पेट्रोलियम जेलीत ठेवले. ते कडकच राहिले. पाण्यात ठेवले, तर मऊ होऊन वाकू लागले. १९५२ साली हे प्रसिद्ध झालं. त्वचा मऊ ठेवतं ते पाणी. वरच्या थरातलं पाणी साधारण १० टक्क्यांच्या खाली गेलं की तो थर तडकू लागतो.

मग तेल काय करतं? ते झाकणाचं काम करतं. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की वाफ आत राहते, तसं. पण पातेल्यात पाणीच नसेल, तर झाकण ठेवून काय उपयोग? सुकलेल्या नडगीवर रात्री चोळलेल्या तेलाने त्वचा चमकते, थोडा वेळ बरंही वाटतं, पण गेलेलं पाणी त्याने परत येत नाही.

हे झाकण आपल्या त्वचेत जन्मतःच असतं. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातले पीटर इलायस यांनी वरच्या थराची तुलना विटांच्या भिंतीशी केली. मेलेल्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली चरबी म्हणजे चुना. आपण कडकडीत पाण्याने आंघोळ करतो, साबण लावून अंग खसाखसा घासतो, तेव्हा हाच चुना निघून जातो. वय वाढलं की तो मुळातच कमी तयार होतो. म्हणून आजोबांना जी खाज सुटते ती त्याच घरातल्या, त्याच साबणाने आंघोळ करणाऱ्या नातवाला सुटत नाही.

काही नातवांना मात्र सुटते. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवलं, की काही घराण्यांत फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचं जनुक सदोष असतं. हे प्रथिन मोडून जे घटक बनतात, तेच वरच्या थरात पाणी धरून ठेवतात. अशा मुलांच्या नडग्यांवर खवल्यांसारखी त्वचा दिसते, तळहातावरच्या रेषा जास्त ठळक असतात आणि एक्झिमा लवकर होतो. "अंग नीट चोळत नाही म्हणून" असं बोलून त्यांना दगडाने घासायला लावू नका. मुलाचा त्यात काहीच दोष नसतो.

पाणी धरून ठेवणाऱ्या नैसर्गिक घटकांत युरियाही आहे. होय, खतातला तोच रेणू. १९६८ साली स्वीडनच्या गुन्नार स्वानबेक यांनी खवल्यांच्या त्वचेवर युरियाचं क्रीम वापरून चांगला गुण मिळवला. आज कोरड्या टाचांसाठी आम्ही तेच लिहून देतो. फक्त चिरलेल्या, ओरबाडलेल्या जागी ते झोंबतं.

१९५२ सालीच न्यूयॉर्कमध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचं मलम त्वचेच्या रोगांवर गुणकारी असल्याचं दाखवलं. एक्झिमाच्या रुग्णांसाठी ते वरदानच होतं. पण पाण्याचा धडा मागे पडला आणि स्टेरॉइडची ट्यूब घरोघरी पोचली. खाज आली की लोक मेडिकलमधून स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब आणतात आणि महिनोन्‌महिने लावतात. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून विश्वास बसतो. पण त्वचा पातळ होते, नायटा असेल तर तो पसरतो. आपल्याकडे २०१८ साली स्टेरॉइडची अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली, तरी त्या ट्यूब घरातल्या कपाटात सापडतातच.

आता तुम्ही काय करायचं? आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत उरका. साबण काखा, जांघा, पाय एवढ्यापुरताच लावा. टॉवेलने अंग घासू नका, टिपा. आणि अंग ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांच्या आत, मलम लावा. पातेल्यात पाणी आहे तोवर झाकण ठेवायचं. दिवाळीच्या अभ्यंगाला माझा विरोध नाही, पण उटणं आणि कढत पाण्याने ते तेल बरंचसं धुऊन जातं, म्हणून आंघोळीनंतर पुन्हा हात फिरवा. महागडी बाटली लागत नाही. साधी पेट्रोलियम जेली उत्तम. २००४ साली फिलिपिन्समध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात खोबरेल तेलानेही कोरडेपणा कमी झाला होता. ऑलिव्ह तेल मात्र मी सुचवत नाही. २०१३ साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात त्याने त्वचेचा वरचा थर कमकुवत झालेला दिसला. गेलनला हे कळलं असतं तर गंमत झाली असती.

असं रोज दोनदा, दोन आठवडे करूनही खाज राहिली, तर दाखवायला या. पुरळ नसताना सर्वांगाला खाज येत असेल, वजन उतरत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर थांबू नका. यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, मधुमेह, लोह कमी असणं, क्वचित रक्ताचे किंवा लसिका ग्रंथींचे आजार यांमुळेही अशी खाज येते. आणि घरातल्या दोघा-तिघांना रात्रीच, बोटांच्या बेचक्यांत खाज सुटत असेल, तर तो कोरडेपणा नाही, खरूज आहे. तेव्हा एकट्याने न येता सगळ्या घराला घेऊन या.