शेवटच्या दिवसांची सोबत

औरंगजेब बादशहा १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारला मरण पावला, हे आमच्या शाळेतली मुले पाठ करतात. मात्र त्याच जिल्ह्यात सामान्य कुणबी कसा मरतो, त्याच्या उशाशी कोण असते, याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही.

रीत अशी की, दुखणे हाताबाहेर गेले म्हणजे माणसाला घरी आणायचे. ओटीवर बाज पडते, भावकी आळीपाळीने जागते, अखेरीस तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल पडते. माया उदंड असते; पण कळ थांबविण्याचे ज्ञान त्या मायेपाशी नसते. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला तंबाखूने तोंडाचा कर्करोग झाला. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितले, 'आता घरी न्या, सेवा करा.' सेवा म्हणजे नेमके काय, ते कोणी सांगितले नाही. जखमेच्या दुर्गंधीने सोयरे उंबऱ्यापाशी थबकत. बायको तेवढी जवळ बसे आणि रात्रभर त्याचे कण्हणे ऐके.

या दु:खावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून जखमेवर टाकली की घाण वास कमी होतो. दर दोन तासांनी कूस बदलली तर पाठीला जखमा सहसा होत नाहीत. मॉर्फिनची गोळी चार-चार तासांनी दिली की कळ आवाक्यात राहते; मात्र सोबत पोट साफ होण्याचे औषध हवे. हे सारे घरची बाई शिकू शकते. शिकवायला दारी कोणी आले पाहिजे, एवढेच.

दारी जाण्याची विद्या तर याच जिल्ह्यात घडली. अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी ज्या जामखेड तालुक्यात आहे, तिथे १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबेल आरोळे हे डॉक्टर दांपत्य आले. त्यांनी खेड्यांतल्याच बायका आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. पुष्कळजणी निरक्षर, कित्येक दलित घरांतल्या. त्या बाळंतपणे करू लागल्या, कुष्ठरोग्याला गावातच औषध देऊ लागल्या. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचा भर मुख्यतः आई आणि मूल यांच्यावर होता. तरी ज्या बाईला जन्माच्या वेळी दार उघडते, तिला मरणाच्या वेळीही ते उघडेल, असे मला वाटते.

मरणासन्नांच्या शुश्रूषेची आधुनिक वाट सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला घालून दिली. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती अवेदना सदन निघाले. कोझिकोडला १९९३ मध्ये वेदनाशमनाची संस्था उभी राहिली, आणि पुढे केरळात शेजारीपाजारीच स्वयंसेवक होऊन परिचारिकेबरोबर घरोघर जाऊ लागले. आपल्याकडे अडले ते औषधापाशी. अफू पिकते मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात. पण १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांचे एवढे जंजाळ उभे केले की, दवाखान्यांतून मॉर्फिन जवळजवळ नाहीसे झाले. व्यसनाच्या भयाची किंमत खाटेवरच्या रोग्याने मोजली. २०१४ च्या दुरुस्तीने ती गाठ सैल केली. तरी कागदावर सुटलेली गाठ खेड्याच्या ओटीपर्यंत सुटतेच असे नाही.

जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. याच जिल्ह्यात १९५० साली प्रवरेकाठी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःचा साखर कारखाना उभारला. एकट्याला न पेलणारे ओझे दहाजणांनी उचलायचे, ही गोष्ट आम्हांला कोणी शिकवायला नको. गावात दुधाची संस्था चालते, भजनी मंडळ चालते. तसे पाच-सहा माणसांचे एक मंडळ आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेच्या हाताखाली शिकले, आठवड्यातून दोनदा रोग्याच्या घरी गेले, आणि गोळ्या तालुक्याला मिळाव्यात म्हणून सरकारदरबारी हट्ट धरून बसले, तर त्या उंबऱ्यावर थबकलेले सोयरे आत येतील. त्या बाईला एखादी रात्र झोप मिळेल.