राजाला ‘माणूस’ म्हणणारी हुल्दा

समजा, एके दिवशी राज्याचा मुख्य याजक, राजाचा चिटणीस आणि दरबारातले आणखी तिघे तुमच्या दारात उभे आहेत. सापडलेल्या एका जुन्या ग्रंथाबद्दल देवाचं म्हणणं काय, ते त्यांना हवंय. खरं उत्तर एकच आहे : हे राज्य बुडणार. सांगाल?

इ.स.पू. 622च्या सुमारास यरुशलेममधल्या हुल्दावर ही वेळ आली. मंदिराच्या डागडुजीत नियमशास्त्राचा ग्रंथ मिळाला होता. बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो हिब्रू बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा गाभा. यहूदाचा राजा योशीया तेव्हा सव्वीसेक वर्षांचा, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. ग्रंथ ऐकून त्याने अंगावरची वस्त्रं फाडली आणि पाच जणांना धाडलं.

यिर्मया तेव्हा पाच वर्षांपासून देवाचा संदेश सांगत होता. तरी ही मंडळी हुल्दाकडे गेली. बाईमाणसाला काय विचारायचं, असं कुणी म्हटल्याची नोंद नाही. तिचा नवरा शल्लूम वस्त्रभांडार सांभाळणाऱ्या घराण्यातला. म्हणजे घरची चूल दरबाराच्या नाहीतर मंदिराच्या जिवावर पेटत असणार.

तरी तिने आडपडदा ठेवला नाही. निरोपाच्या सुरुवातीला राजाला ‘राजा’ही म्हटलं नाही, तुम्हाला पाठवणारा तो माणूस, इतकंच. ग्रंथातलं संकट या नगरावर येणारच, असं तिने सांगितलं. राजाने नम्रपणा दाखवला म्हणून त्याच्या डोळ्यांदेखत मात्र येणार नाही.

आमच्या ऑफिसात रिलीजच्या आदल्या दिवशी ‘हे चालणार नाही’ म्हणताना माझी जीभ अडखळते. तिथे फार तर कुणाचा मूड जातो. हुल्दाच्या काळात जीव जायचा. योशीयाचा मुलगा यहोयाकीम गादीवर आल्यावर उरीया नावाच्या संदेष्ट्याने असंच काही सांगितलं. तो इजिप्तला पळाला, तर राजाने त्याला तिथून पकडून आणून मारलं.

योशीया शांतीने कबरेत जाईल, असंही हुल्दा म्हणाली होती. तो इ.स.पू. 609मध्ये मगिद्दोला इजिप्तच्या फारोच्या हातून मेला. इ.स.पू. 586च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं. म्हणजे नगराचं तिने सांगितलेलं खरं झालं, राजाच्या मरणाचं तसं झालं नाही. लिहिणाऱ्यांनी तिच्या तोंडचे शब्द मागाहून सोयीचे करून घेतले नाहीत. त्या नोंदीवर माझा विश्वास बसतो तो यामुळेच.