रूळ धुणारा हात

पुस्तक उघडले की पहिल्या पानाच्या पाठीवर बारीक अक्षरांत मुद्रकाचे नाव व गाव सापडते. इंग्रज सरकारने १८६७ साली कायदा करून ते छापणे सक्तीचे केले. त्यात साहित्याची कळकळ नव्हती. वेळ आल्यास कोणाला धरावे, हे कळावे एवढाच हेतू होता. त्या निमित्ताने का होईना, मुद्रकांची नावे टिकली. लेखकाचे टिकते, चित्रकाराचे टिकते, काही खिळे कोरणाऱ्यांचीही टिकली. पण दिवसाचे काम आटोपल्यावर यंत्राचे शाईने माखलेले रूळ धुणारा जो कोणी असतो, त्याचे नाव कोणत्या पानावर छापले गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आम्ही सेमाडोहची माणसे. गावाशेजारून सिपना वाहते, भोवती मेळघाटचे रान. छापण्याचे काही काम निघाले की घटांगचा घाट उतरून परतवाड्याला जायचे. पंचवीस वर्षांपूर्वी माझी पहिली लहानशी कादंबरी मी तिकडेच खिळे जुळवून छापून घेतली, कारण तेवढेच परवडत होते. मुद्रिते तपासता तपासता संध्याकाळ होई. यंत्राचा खटका थांबे आणि कोपऱ्यातून एक मुलगा रॉकेलचा डबा व चिंध्या घेऊन येई. तो आमच्याच गावचा, शाळेत माझ्या दोन वर्षे मागे. रूळ काढायचे, रॉकेलने पुसायचे, कोरड्या चिंधीने पुन्हा पुसायचे, मग शाईची थाळी. एवढे झाल्याखेरीज त्याला सुट्टी नसे. शाई जवसाच्या तेलाची. रात्रभर राहिली तर रुळावर वार्निशासारखी कडक साय धरते. कागदाचा भुगा त्यात रुततो, आणि दुसऱ्या दिवशी अक्षर भरड, ठिपकेदार उमटते. माझ्या कादंबरीची अक्षरे स्वच्छ उमटली. त्याबद्दल मी मालकांचे आभार मानले होते.

या कामाचा इतिहास शोधू लागलो तो थेट गुटेनबर्गापर्यंत जाऊन पोचलो. त्या काळी रूळ नव्हते. लोकर किंवा घोड्याचे केस भरलेले, मुठीला बांधलेले चामड्याचे दोन गोळे असत. ते एकमेकांवर घोळून शाई सारखी करायची आणि खिळ्यांवर थापायची. रात्री ते चामडे मऊ राहावे म्हणून मूत्रात भिजत घालीत. युरोपातील धर्मग्रंथ सुमारे साडेतीन शतके या गोळ्यांनी छापले गेले. सकाळी ते चामडे पिळून काढण्याचे काम बहुधा शिकाऊ पोराच्या वाट्याला येई.

१८१३ साली इंग्लंडात ब्रायन डॉन्किन व रिचर्ड बेकन यांनी एका छपाईयंत्राचा हक्क नोंदवला. यंत्र चालले नाही, पण त्यातला सरस आणि काकवी यांचा ओतीव रूळ मात्र जगभर चालला. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १८१४ रोजी, लंडनचे 'टाइम्स' पत्र क्योनिगच्या वाफेच्या यंत्रावर निघाले. तासाला अकराशे कागद! हातदाबाच्या यंत्रावर दोन-अडीचशे निघत. शाई लावण्याचे काम हातून सुटले ते या वेळी. ती काढण्याचे मात्र हातालाच चिकटून राहिले.

आपल्याकडे मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून १८१७ साली मराठी पुस्तक निघाले. तो छापखाना पाहून गणपत कृष्णाजींना आपलाही असावा असे वाटले, आणि १८३१ साली त्यांनी शिळेवर मराठी पंचांग छापून काढले. शाई त्यांनी स्वतःच खटपट करून बनवली. शिळाछापाचा काळ्या शाईचा रूळ कातड्याचा. तो धुवायचा नसतो, बोथट सुरीने तासायचा असतो, नाहीतर कातड्याची लव जाते. निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले. घासणे, पुसणे, धुणे यांतून वर येऊन १८६९ साली स्वतःचा छापखाना काढणारा असा माणूस विरळा. बाकीचे घाशीत राहिले.

सरसाच्या रुळाची गोष्ट वऱ्हाडात विशेष. सरस भिजवायचा, पाण्यावरच्या भांड्यात वितळवायचा, त्यात काकवी किंवा गूळ घालायचा आणि नळीच्या साच्यात ओतायचा. दिसायला मऊ, लवचिक, जिवंत कातडीसारखा. पण वैशाखात अमरावती-अकोल्याचा पारा पंचेचाळिसाला टेकला की हा गुळाचा गडी घामेजतो, ढिला पडतो, प्रसंगी चालू यंत्रावरच लोळागोळा होतो. श्रावणात हवेतले पाणी पिऊन फुगतो आणि शाई धरीत नाही. म्हणून उन्हाळ्याचा रूळ सरस जास्त घालून आणि थंडीचा काकवी जास्त घालून वेगवेगळा ओतीत. त्याला पाणी लावायचे नाही, तो विरघळेल. तेव्हा रॉकेल आले. पुढे रबराचे रूळ आले, तर साधे रबर रॉकेलने फुगते! १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत तेलाला दाद न देणारे कृत्रिम रबर निघाले, तेव्हा कुठे रुळाची कातडी धुणाऱ्यापेक्षा टणक झाली. धुणाऱ्याची कातडी होती तीच राहिली, आणि रॉकेलने भेगाळत राहिली.

एका रंगाचे काम असेल तर रूळ दिवसातून एकदा धुतले तरी चालते. खरा छळ रंगांचा. काळ्यावरून पिवळ्यावर यायचे तर दोन-तीन धुण्यांनीही पिवळा हिरवट निघतो. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्म्यांच्या छापखान्यात एकेका देवीला किती दगड लागत, आणि दगडागणिक रंग वेगळा! १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि दरवर्षी अश्विनात सजून येणाऱ्या अंकांची चाल पडली. ती चाल आपल्याला फार गोड वाटते. छापखान्यातल्या लोकांना ती रात्रपाळीची चाल वाटत असावी.

रूळ यंत्रानेच धुवावेत ही बुद्धी माणसाला उशिरा झाली. अमेरिकेत विल्यम गेगेनहायमर याने १९१८ च्या सुमारास धुण्याचे उपकरण काढले. त्याची युक्ती अगदी साधी. यंत्र फिरतेच ठेवायचे; वरच्या रुळांवर द्राव शिंपडायचा; तो रुळांवरून रुळांवर उतरत शाई सोडवीत जातो; शेवटच्या एका रुळाला पाते टेकवायचे, की विरघळलेली शाई खरवडून खालच्या पन्हळीत पडते. आता हेच काम बटण दाबून होते. शिंपडणे, फिरवणे, खरवडणे, पाण्याचा हात, पुन्हा द्राव, सारे ओळीने. एकेका रंगाला पंधरा-वीस रूळ असतात, ते काही मिनिटांत स्वच्छ होतात. यंत्र छापू लागले त्यानंतर धुऊ लागायला त्याला शंभर वर्षे लागली. कारण उघड आहे. छपाईचा वेग वाढला तर मालकाचा पैसा वाढतो. धुणाऱ्याची बोटे वाचली तर हिशेबाच्या वहीत काहीच वाढत नाही.

बोटांचेच तेवढे नव्हते. जपानात ओसाकाच्या एका छापखान्यात नमुनाछपाई करणारे तरुण कामगार दिवसातून शेकडो वेळा यंत्रावरची शाई द्रावाने पुसून काढीत. खोलीत हवा पुरेशी खेळत नसे. त्यांच्यापैकी डझनाहून अधिक जणांना पित्तनलिकेचा कर्करोग झाला; एरवी तो म्हातारपणी, आणि तोही क्वचित होणारा. २०१२ साली ही गोष्ट बाहेर आली, पुढच्या वर्षी सरकारने तो धंद्यातला आजार मानला, आणि २०१४ साली १,२-डायक्लोरोप्रोपेन हा त्या द्रावातला पदार्थ कर्करोगकारक म्हणून जागतिक यादीत गेला. तो शाई झटकन सोडवतो आणि झटकन उडून जातो, म्हणूनच तर लोकांना आवडत होता. डेन्मार्कात त्याच्या कितीतरी आधीपासून वनस्पतीतेलाने यंत्रे धुण्याचा प्रघात पाडला जात होता. तेल सावकाश काम करते, एवढाच त्याचा दोष.

आमच्या गावचा तो मुलगा पुढे मोठ्या शहरात ऑफसेटवर गेला. तेथे यंत्र जुने, धुण्याचे उपकरण नाही. एका रात्री फिरत्या रुळांत चिंधी गेली, चिंधीमागे उजव्या हाताची दोन बोटे. नखांपर्यंतची पेरे गेली. मी त्याला रागावून विचारले, "यंत्र थांबवून का नाही पुसलेस?"

"थांबवून पुसाचं म्हटलं त रातभर पुरत नाई, गुरुजी. फिरतं ठेवलं की झटक्यात होते."

गेगेनहायमरला सुचले होते तेच याने सांगितले. फरक एवढाच की त्याने पाते टेकवले आणि याने हात.

आता तो दुसऱ्या छापखान्यात आहे. तेथे बटण आहे. तरी आठवड्याला पन्हळ काढून तिच्यातला काळा चिखल उपसावा लागतो, पात्याची धार पुसावी लागते; ती बोथटली की रुळावर रेघा राहतात. ते काम हातानेच होते, आणि उरलेल्या आठ बोटांनी तो ते करतो. हातमोजे असले तर घालतो.

हा लेख लिहिताना मी त्याला म्हटले, तुझे नाव देतो. तो हसला.

"नाव कायले टाकता, गुरुजी? मालक वाचतीन ना."