रिंगल आणि पिट

यंदाच्या संक्रांतीला, इथल्या मंडळाच्या कार्यक्रमात, एक मुलगी तिळगुळाची पुडी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. नाशिकहून शिकागोला फोटोग्राफी शिकायला आलेली, पहिलंच वर्ष. मी कलाशिक्षणाच्या इतिहासावर काम करते हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"ताई, मला एक सांगा," ती म्हणाली. "मी फोटोग्राफी शिकायला आले आणि पहिलं सत्र काळे कागद कापून पांढऱ्या कागदावर चिकटवण्यात गेलं. टू-डी डिझाइन म्हणे. आता या सत्रात ब्रँडिंग. स्वतःच्या स्टुडिओचं नाव ठरवा, लोगो करा, कार्ड करा, लेटरहेड करा. कॅमेऱ्याला हात लागून महिना झाला. बाबांनी कर्ज काढलंय. त्यांना काय सांगू, कात्रणं चिकटवतेय? वर सर म्हणतात आडनाव लांब आहे, इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, लोगोत छोटं कर."

तिच्या आडनावात 'ळ' आहे, त्यामुळे सरांची अडचण मला कळली. पण तिचा प्रश्न मी त्या दिवशी 'होईल उपयोग पुढे' असं म्हणून टोलवला. घरी आल्यावर माझीच मला लाज वाटली. कारण तिला देण्याजोगं खरं उत्तर माझ्या विषयातच होतं. ते दोन मुलींच्या गोष्टीत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. फोटोग्राफरनं आपलं नाव मिरवणं ही काही नवी गोष्ट नाही. आमच्या घरी आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो आहे. जाड राखाडी पुठ्ठ्यावर चिकटवलेला, आणि खाली कोपऱ्यात उठावाच्या अक्षरांत स्टुडिओचं नाव. तसे फोटो तुमच्याही घरी असतील. पण तिथे नाव पुठ्ठ्यावर असतं आणि चित्र चित्राच्या जागी. १९२०च्या दशकात जर्मनीत ही फारकत मिटली. हाफटोन छपाई स्वस्त झाली होती, सचित्र साप्ताहिकांचे खप लाखांत गेले होते, आणि साबण, सिगारेट, केसांचं तेल विकणाऱ्या कंपन्यांना रेखाचित्रांपेक्षा फोटो हवे होते. आता फोटो अल्बममध्ये राहत नव्हता. तो पानावर मथळ्याच्या, किमतीच्या आणि कंपनीच्या नावाच्या शेजारी जाऊन बसत होता. साहजिकच, पानावर काय कुठे बसतं हे न कळणारा फोटोग्राफर मागे पडणार होता.

हे ज्या शाळेनं आधी ओळखलं ती बाउहाउस. १९१९ साली वायमारमध्ये सुरू झालेली, १९२५ साली देसाउला गेलेली. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला आधी एक पायाभूत अभ्यासक्रम करावा लागे. त्यात कागद, काच, तार, लाकूड, पोत, समतोल. १९२३ ते १९२८ या काळात तो शिकवणाऱ्यांपैकी एक होता लास्लो मोहोली-नॉज. त्याला फोटोचं वेड होतं. अक्षर आणि फोटो यांनी मिळून एकच मजकूर बनवायचा या कल्पनेला त्यानं 'टायपोफोटो' असं नाव दिलं होतं. त्याचा सहकारी हर्बर्ट बायर छपाई आणि जाहिरातीची कार्यशाळा चालवायचा. जर्मन भाषेत प्रत्येक नाम मोठ्या अक्षरानं सुरू होतं. बायरनं १९२५ साली शाळेच्या छापील कागदांवरून मोठी अक्षरंच काढून टाकली. आपल्या देवनागरीत हा भेदच नसल्यामुळे त्यातला बंडखोरपणा आपल्याला पटकन जाणवत नाही.

गंमत अशी की या सगळ्या काळात बाउहाउसमध्ये फोटोग्राफीचा विभाग नव्हता. तो १९२९ साली सुरू झाला आणि जोडला गेला जाहिरात विभागाला. शिकवायला आला वाल्टर पेटरहान्स. हा माणूस गणित आणि तत्त्वज्ञान शिकलेला होता. त्याचा फोटो म्हणजे टेबलावर मांडलेल्या चार वस्तू, पण त्या मांडण्यात तो तासन् तास घालवायचा. बटण दाबण्यापूर्वी चित्र पूर्ण झालेलं असलं पाहिजे, करड्या रंगाची प्रत्येक छटा आधीच ठरलेली असली पाहिजे, अशी त्याची शिस्त. नंतर कात्री लावून सुधारणा करणं त्याला मान्य नव्हतं.

देसाउला जाण्याआधी पेटरहान्स बर्लिनमध्ये खासगी शिकवण्या घ्यायचा. त्याची पहिली शिष्या होती ग्रेटे श्टेर्न. जन्म १९०४. ती फोटोग्राफीकडे उलट्या रस्त्यानं आली होती. स्टुटगार्टला ग्राफिक कला शिकून, गावी जाहिरातींची छोटीमोठी कामं करून, मग १९२७ साली कॅमेऱ्याकडे. अक्षर तिला आधी येत होतं, भिंग नंतर आलं. १९२९ साली दुसरी मुलगी आली, एलन रोझेनबर्ग. ग्रेटेपेक्षा दोन वर्षांनी लहान, शिल्पकला शिकलेली. पुढे लग्नानंतर ती एलन आउअरबाख झाली.

पेटरहान्स देसाउला निघाला तेव्हा ग्रेटेनं वारशात मिळालेल्या पैशातून त्याचं सामान विकत घेतलं आणि १९३० साली दोघींनी बर्लिनमध्ये स्टुडिओ थाटला. आता प्रश्न आला नावाचा. 'श्टेर्न आणि रोझेनबर्ग' हे एखाद्या ज्यू कापड व्यापाऱ्याच्या पेढीसारखं वाटेल, म्हणून दोघींनी आडनावं बाजूला ठेवली आणि लहानपणची टोपणनावं घेतली. ग्रेटे म्हणजे रिंगल, एलन म्हणजे पिट. 'रिंगल + पिट'. सगळी अक्षरं लहान, मध्ये अधिकचं चिन्ह. वाचणाऱ्याला हे बाई आहेत की पुरुष, ज्यू आहेत की ख्रिश्चन, काही कळत नाही. एखादा सर्कशीतला जोडगोळीचा खेळ असावा असंच वाटतं. आणि दोघींनी ठरवलं की कुणीही काढलेला फोटो असो, त्यावर हेच नाव पडेल. फोटोग्राफी शिकणाऱ्या पोरींनी केलेलं ब्रँडिंगचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

त्यांच्या जाहिराती पाहिल्या की काळे कागद कापण्याचा अर्थ कळतो. १९३१ सालची 'पेट्रोल हान' या केसांच्या औषधाची जाहिरात घ्या. चित्रात एक छान केस विंचरलेली, झोपायचा झगा घातलेली, गोड हसणारी बाई. ती बाई नाही, दुकानातला पुतळा आहे. पण तिनं बाटली ज्या हातात धरली आहे तो हात मात्र खरा, जिवंत माणसाचा. पाहणाऱ्याची नजर आधी चेहऱ्यावर जाते, मग हातावर, मग बाटलीवर, आणि तेवढ्यात काहीतरी चुकतंय हे लक्षात येऊन परत चेहऱ्यावर. नजरेचा हा रस्ता अपघातानं घडत नाही. सपाट चौकटीत कुठला आकार कुठे ठेवला की डोळा कुठून कुठे जातो, हे ज्याला कागदाच्या कपट्यांवर घोटून कळलंय तोच तो आखू शकतो. शिवाय जाहिरात आपलं काम करते आणि त्याच वेळी जाहिरातीतल्या 'आदर्श' बाईची थट्टाही करते. 'कोमॉल' नावाच्या केसांच्या रंगाच्या त्यांच्या जाहिरातीला १९३३ साली ब्रसेल्सच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं.

हे ऐकून स्टुडिओ धो धो चालला असेल असं वाटेल. तसं नव्हतं. कामं थोडी मिळायची, पैसा बेताचाच. मधल्या काळात ग्रेटे काही सत्रं देसाउला जाऊन पेटरहान्सकडे पुन्हा शिकूनही आली. आणि बक्षीस मिळालं त्याच वर्षी सगळं संपलं. जानेवारी १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला. बाउहाउस तोवर बर्लिनला आलं होतं, ते त्याच वर्षी बंद पडलं. पाटीवर टोपणनाव असलं तरी सरकारी कागदांवर आडनाव होतंच. दोघींनी जर्मनी सोडली.

इथून दोघींचे रस्ते वेगळे होतात. एलन तेल अवीवला गेली. भाषा नवी, गिऱ्हाईक नवं. तिथे १९३४ साली तिनं आणखी एका निर्वासित महिला फोटोग्राफरबरोबर मुलांच्या फोटोंचा स्टुडिओ काढला. त्याचं नाव 'इशोन'. इस्रायलमधल्या आपल्या वाचकांना हा शब्द ओळखीचा असेल. इशोन म्हणजे डोळ्यातली बाहुली, आणि शब्दशः 'छोटा माणूस'. मराठीतही आपण बाहुलीच म्हणतो. लहान मुलांचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओला एका शब्दात डोळा, भिंग आणि मूल हे तिन्ही देणारं नाव! परक्या भाषेत येऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच एलन पुन्हा अशा चपखल नावाच्या पाटीखाली काम करू लागली होती. तो स्टुडिओही फार टिकला नाही. १९३६ साली ती लंडनला आणि १९३७ साली अमेरिकेला आली.

ग्रेटे आधी लंडनला गेली. पेटरहान्सच्या वर्गात भेटलेला अर्जेंटिनाचा फोटोग्राफर होरासिओ कोपोला तिचा नवरा झाला, आणि १९३५ साली दोघं ब्यूनोस आयर्सला पोचली. त्याच वर्षी 'सूर' या साहित्यिक मासिकाच्या कार्यालयात त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. अर्जेंटिनातल्या आधुनिक फोटोग्राफीची सुरुवात तिथून धरतात.

तिथे ग्रेटेनं जे केलं ते तिची पहिली विद्या नसती तर झालं नसतं. १९४६-४७च्या सुमारास 'मादी' नावाच्या तरुण कलावंतांच्या गटाला ओळखचित्र हवं होतं. तिनं शहराच्या मध्यावरच्या ओबेलिस्कचा फोटो घेतला आणि त्यात गटाच्या नावाची चार प्रचंड अक्षरं बसवली, जणू ती इमारतींवरची रोषणाईची पाटीच. त्यातलं 'म' अक्षर तिनं मोवादो घड्याळांच्या जाहिरातीतून उचललं होतं. फोटो आणि लोगो एकाच कागदावर, एकमेकांपासून सोडवता न येणारे.

मग १९४८ साली 'इदिलिओ' हे बायकांचं साप्ताहिक निघालं. त्यात वाचक बायका आपली स्वप्नं लिहून पाठवत आणि एका सदरात त्यांचा मानसशास्त्रीय अर्थ सांगितला जाई. सदरासाठी चित्रं ग्रेटे करायची. जुने-नवे फोटो कापून, चिकटवून, पुन्हा त्याचा फोटो काढून. तीन वर्षांत सुमारे दीडशे. त्यातलं एक फार गाजलं. टेबलावरच्या दिव्याच्या जागी एक बाई गुडघे दुमडून बसली आहे, डोक्यावर दिव्याचं झाकण, आणि एका पुरुषाचा भलामोठा हात बटण दाबायला पुढे आला आहे. 'पेट्रोल हान'चा पुतळा आणि त्याचा जिवंत हात ज्यांनी पाहिलाय त्यांना हे चित्र कुणाचं हे सांगावं लागत नाही. स्टुडिओ गेला, देश गेला, भाषा बदलली, खंड बदलला. कात्री आणि नजर मात्र बरोबर आली.

आणि त्यांच्या गुरूचं काय झालं? ते मला सर्वांत आवडतं. पेटरहान्स १९३८ साली शिकागोला आला, त्याच वेळी इथे आलेल्या मीस फान डेर रोह या वास्तुविशारदाच्या मदतीला. इथे त्यानं वास्तुकलेच्या मुलांसाठी 'व्हिज्युअल ट्रेनिंग' नावाचा विषय शिकवला. मुलांना पांढऱ्या फलकावर रेषा, आकार आणि पोतांचे तुकडे मांडायला लावायचा. एक तुकडा जरासा सरकवला तर काय बिघडतं, हे डोळ्याला दिसेपर्यंत. म्हणजे आयुष्यभर फोटोग्राफर असलेला माणूस शेवटी कॅमेरा बाजूला ठेवून टू-डी डिझाइन शिकवत होता. ती इमारत आमच्या मुलीच्या कॉलेजपासून लोकलनं काही स्थानकांवर आहे. मोहोली-नॉजही १९३७ सालीच शिकागोत आला होता 'न्यू बाउहाउस' काढायला. फोटोग्राफीच्या पहिल्या सत्रात काळे कागद कापायची अमेरिकेतली प्रथा पुष्कळशी या दोन निर्वासितांच्या शाळांतून पसरली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही कमर्शिअल आर्टचा विभाग १९३५ साली, म्हणजे याच काळात सुरू झाला होता.

एक गोष्ट मात्र तिला सरळ सांगायला हवी. ब्रँड सगळं वाचवत नाही. 'रिंगल + पिट' या सुंदर नावामागे दोघी इतक्या लपल्या की पुढची कित्येक दशकं त्यांच्या त्या कामाची फारशी आठवण कुणी काढली नाही. १९८०च्या दशकात ते पुन्हा लोकांसमोर आलं, तेव्हा दोघी पंचाहत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. ग्रेटे १९९९ साली गेली, एलन २००४ साली. ब्यूनोस आयर्समध्ये ग्रेटेनं दुसरं टोपणनाव घेतलं नाही. तिथे ती ग्रेटे श्टेर्न म्हणूनच जगली आणि ओळखली गेली.

हे सगळं मी त्या मुलीला एका लांबलचक मेलमध्ये लिहून पाठवलं. बाबांना काय सांगायचं तेही लिहिलं. सांग, की कॅमेरा चार वर्षांत जुना होतो, पण चौकटीत काय कुठे ठेवायचं हे एकदा हाताला कळलं की ते विसरत नाही, आणि कर्ज फेडायला तेच उपयोगी पडेल. तिचं उत्तर आठवड्यानं आलं. सोबत लोगोचे दोन नमुने होते. एकात आडनावाची दोनच रोमन अक्षरं. दुसऱ्यात फक्त एक देवनागरी 'ळ', काळ्या कागदातून कापलेला. दोन गोल गाठी, जणू दोन डोळे. खाली बारीक अक्षरांत पूर्ण आडनाव.

"ताई, कुठला घेऊ?" असं तिनं विचारलं होतं. ते तिनंच ठरवायचं आहे, असं मी कळवलं. फक्त 'ळ'ची उजवी गाठ किंचित वर सरकव, असं सुचवलं. तोल जातोय.