धामकाठचं देऊळ

श्रोतेहो, "आमच्या खेड्याला कसला आलाय इतिहास?" असं आपण पुष्कळदा म्हणतो. इतिहास म्हटला की किल्ले आणि राजवाडेच डोळ्यांपुढे येतात. पण वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर, धाम नदीच्या काठी वसलेलं पवनार घ्या. तिथल्या एका फार जुन्या देवळाची आज भिंतसुद्धा उभी नाही. मग ते होतं हे कळलं कसं?

१९३८ साली विनोबा भावे प्रकृतीच्या कारणानं पवनारला राहायला आले. नदीकाठच्या टेकाडावर ते कुदळीनं जमीन खणत. त्या खणण्यात कोरीव मूर्ती निघाल्या. एका शिल्पात विनोबांना भरत-रामाची भेट दिसली. ते शिल्प आजही तिथल्या आश्रमात आहे.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ही शिल्पं वाकाटक काळातली, म्हणजे पाचव्या शतकातली ठरवली. दुसऱ्या प्रवरसेन राजाच्या ताम्रपटांत प्रवरपूर हे नाव येतं. पवनार तेच प्रवरपूर, आणि ही शिल्पं तिथल्या रामाच्या देवळाची, असं त्यांचं मत. त्याला जोडही आहे. प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, देवाची भक्त होती. आणि 'सेतुबंध' हे रामकथेवरचं प्राकृत काव्य प्रवरसेनाच्याच नावावर आहे.

१९६७ मध्ये नागपूर विद्यापीठानं पवनारला उत्खनन केलं. पुढे रामटेकजवळ मनसरलाही उत्खनन झालं, तेव्हा काही विद्वान प्रवरपूर तिथं होतं म्हणू लागले. वाद मिटलेला नाही. पण दोन्ही बाजूंचे साक्षीदार एकच: मातीतून निघालेले दगड, विटा आणि ताम्रपट.

म्हणून शेतकरी बंधूंनो, नांगराला कोरीव दगड लागला तर तो फोडून बांधाला लावू नका. उचलून पाराखाली नेऊन त्याला शेंदूरही फासू नका. दगड कुठं, किती खोल आणि कशाशेजारी सापडला, यातच त्याची निम्मी साक्ष असते. जागचा हलला की ती गेली. तो तसाच राहू द्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. गुरुजी, आपण मुलांना घेऊन शिवारात जा, जागेचा नकाशा काढून घ्या, शाळेत एक वही ठेवा. पवनारचं देऊळ पडलं, तरी त्याचे दगड राहिले म्हणून त्याची गोष्ट राहिली. तुमच्या गावची गोष्ट कदाचित अजून मातीतच असेल.